हात नाही लावला

विनूभैया गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरला होते. झाशीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिना झाला त्याला. रडू आलं, नाही असं नाही, पण त्या रडण्यातही जुना संशय होताच... या मामेभावाने मला फसवलंय, असं मी चार वर्षं धरून बसले होते.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्याने सदर बाजारात दुकानांच्या वरची एक खोली घेऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. भजनं, लग्नाची गाणी, जवळच्या बबीना गावातल्या शाळांचे कार्यक्रम. माझी आई, म्हणजे त्याची आत्या, गेल्यावर तिचा पाळणा माझ्या आवाजात नोंदवून ठेवावा, हे त्याच्याच मनात आलं. मी गायले. आठवड्याने त्याने ऐकवलं आणि मी चपापले. इतकी सुरेल मी कधीच नव्हते.

"भैया, माझा सूर दुरुस्त केलास?"

"हात नाही लावला. बस, थोडी गूँज दिली," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

ती न काढलेली नजरच मला खटकली. त्यानेच मला समजावलं होतं की रेकॉर्डिंगचं मुख्य सॉफ्टवेअर वेगळं आणि त्यात बसवायचे प्लग-इन वेगळे. प्रत्येक ट्रॅकवर ते एकाखाली एक लावायचे, आवाज एकातून निघून दुसऱ्यात जातो. एक घुमारा देतो, एक खरखर काढतो, एक बेसूर स्वर ओढून जागेवर आणतो. मूळ आवाज खाली तसाच राहतो. म्हणजे लपवणं किती सोपं! "दाखव," मी म्हटलं. "फिर कभी," म्हणत त्याने चहा मागवला. त्यानंतर मी त्याच्याकडे गायले नाही. राखीला मी यायचे, जेवायचे, पण पाळण्याचा विषय दोघंही टाळायचो...

तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, "ताई, कंप्यूटर विकायचाय. तुमचं काही असेल तर एक बार देख लीजिए."

मी पाळणा उघडला. खरं तर चोर पकडायलाच. सॉफ्टवेअरने एकेक प्लग-इन शोधून जागेवर बसवला आणि तिसऱ्या जागी तोच निघाला, सूर दुरुस्त करणारा. चालू. खोटं बोलला होता तर! क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज वाटली.

मग ट्रॅकखाली एक रेघ दिसली. प्लग-इनने गाण्यात कुठे चालावं, कुठे थांबावं, हे मुख्य सॉफ्टवेअर अशा रेघेवरून लक्षात ठेवतं. ती सरळ जात होती आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी खाली पडत होती, म्हणजे तिथे दुरुस्ती थांबत होती. तिथून वाजवलं. 'बाळा' या शब्दावर माझा सूर किंचित उतरला होता. आईचा तिथे असाच उतरायचा... विनूभैया लहानपणी तिच्याच मांडीवर हे ऐकत झोपायचा. बाकी सगळं त्याने ओढून सारखं केलं होतं. तेवढं सोडून.

"मिला कुछ?" वहिनीने दारातून विचारलं.

"हो," मी म्हटलं.

मग दुरुस्ती पूर्ण बंद करून मी सगळा पाळणा ऐकला. माझा खरा आवाज बराच बेसूर होता. फाइल मिटताना संगणकाने विचारलं, केलेला बदल, म्हणजे बंद केलेली दुरुस्ती, तशीच ठेवायची का? मी 'नाही' दाबलं.