चौथ्या प्रयोगाचं रीडिंग

सबमिशनच्या आठवड्यात माझा उजवा अंगठा दुखतो. टेलिकॉम नेटवर्क्सची ओळख करून देणारा पहिला पेपर मी बावीस वर्षं शिकवते आहे. दर बॅचला साठ मुलं, प्रत्येकाच्या फाईलमध्ये दहा प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगाखाली माझी सही. नवी होते तेव्हा पूर्ण नाव लिहायची. आता एक वेलांटी आणि एक फराटा, एवढंच उरलं आहे.

सानपाड्याहून महापेच्या कॉलेजात बसनं पोहोचेपर्यंतच माझी अर्धी शक्ती संपते. उरलेल्या अर्ध्या शक्तीत तीच ती नेटवर्कची आकृती फळ्यावर काढायची. एक्स्चेंज, टॉवर, केबल, घर. शेवटच्या बाकावरची मुलं त्याच नेटवर्कवर क्रिकेट बघत असतात. पूर्वी मला राग यायचा. हल्ली मी स्कोअर विचारते.

आमच्याकडे प्रयोग करत नाहीत, उतरवून काढतात. थोरल्याचे कपडे धाकट्याला यावेत तशी सीनियरची फाईल ज्युनियरकडे येते आणि आकड्यांसकट वहीत उतरते. मला हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. पण साठ जणांना एका किटवर दोन तासांत कोण प्रयोग करायला लावणार? मी आकृती आहे का बघायची, पेन्सिलनं काढली आहे का बघायची आणि सही ठोकायची.

चौथा प्रयोग फायबरचा. पारदर्शक प्लास्टिकची बारीक, लांब केबल, एका टोकातून लाल प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोहोचला ते व्होल्टमध्ये मोजायचं. सगळ्यांच्या फाईलमध्ये ३.२ व्होल्ट. किट नवं आलं तेव्हा हा आकडा मी स्वतःच घेतला होता, तेव्हापासून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

मग एका वर्षी एका फाईलमध्ये १.१ दिसलं. मान वर न करता मी लाल पेनानं ‘रिपीट’ लिहिलं आणि पुढची फाईल ओढली.

दुसऱ्या दिवशी तीच फाईल परत आली. तेच १.१. फाईलमागे एक सडपातळ मुलगी उभी होती. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, इथल्याच जुन्या आगरी गावातली. वर्गात ती तोंड उघडत नसे, आपल्या बोलण्याला पोरं हसतात म्हणून. तिचे वडील रस्त्याकडेच्या खड्ड्यांत बसून तुटलेली फायबर जोडायचं काम करतात, हे मला नंतर कळलं.

मी तिला विचारलं, सगळ्यांचं ३.२ येतं, तुझंच कसं वेगळं? मैत्रिणीची फाईल बघ आणि नीट लिहून आण. हे वाक्य मी सहज बोलले. आज आठवलं की लाज वाटते.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “मॅडम, हाय तेच लिवलंय. तीनदा घेतलं. दुसरा आकडा कुठून आनू?”

शनिवारी फायली सर्टिफाय व्हायच्या होत्या. ज्याची फाईल राहील त्याला ओरलला, बाहेरच्या कॉलेजचे सर येऊन घेतात त्या तोंडी परीक्षेला, बसता येत नाही. तिचे आधीच दोन विषय राहिले होते, हा तिसरा अडकला असता तर वर्ष गेलंच. नियम मला माहीत होता, तिलाही माहीत होता. तिनं फक्त एक आकडा बदलायचा होता, आणि ती बदलत नव्हती. मला तिचा राग आला, कारण मी थकले होते आणि ती नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी तिला घेऊन लॅबमध्ये गेले. तिला खोटं पाडायलाच गेले, दुसरं काय. किट सुरू केलं, केबल लावली, मीटर बघितला. १.१. पुन्हा लावली. १.१. मीटर बदलला. आकडा हलेना.

मग तिनं खिडक्यांचे पडदे ओढले आणि दिवे घालवले. केबलचं भेंडोळं किटच्या मागे नीट गुंडाळून बांधलेलं होतं, बांगडीएवढं घट्ट. त्या प्रत्येक वेढ्यावर लाल प्रकाश बाहेर झिरपत होता. टोकाला पोहोचायचा तो प्रकाश वाटेतच गळत होता.

“बाबा बोलतान, केबल आवलायची नाय,” ती हळूच म्हणाली.

दर वर्षी पाचव्या आठवड्यात मी हेच शिकवते. फायबर फार वाकवली की वळणावर प्रकाश गळतो, पाण्याचा पाइप मुडपला की धार बारीक होते तसं समजा, असं सांगते. आणि त्या भेंडोळ्याला जी पांढरी प्लास्टिकची पट्टी आवळली होती, तिच्यावर माझ्याच अक्षरातलं लेबल होतं. पाच वर्षांपूर्वी तपासणीची कमिटी येणार म्हणून आम्ही सगळ्यांनी लॅब आवरली होती. लोंबणारी केबल वाईट दिसते म्हणून मीच ती गुंडाळून बांधली. कमिटीनं लॅबच्या टापटिपीचं कौतुक केलं होतं. त्यानंतर पाच बॅचेसनी तिच्यातून ३.२ व्होल्ट काढून दाखवले आणि मी सगळ्यांवर सही केली.

मी कात्री घेतली. तिनं माझा हात धरला. विद्यार्थी सहसा असं करत नाहीत.

“मॅडम, आता पट्टी कापली तं माजं रीडिंग पुना चुकीचं व्हईल. बाहेरचे सर मलाच खोटी बोलतील.”

तिचं बरोबर होतं. केबल सुटली की मीटर ३.२ दाखवणार आणि खोटे एकोणसाठ खरे ठरणार. मी कात्री ठेवली, तिची फाईल उघडली आणि ‘रिपीट’ खोडलं. त्याखाली लाल पेनानं लिहिलं, ‘रीडिंग बरोबर आहे. केबल मी चुकीची बांधली होती.’ खाली कितीतरी वर्षांनी पूर्ण नावाची सही केली. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, बाहेरचे सर हे वाचतील ना. वाचू दे, म्हटलं. मग पट्टी कापली.

ती ओरलला बसली आणि पास झाली. परीक्षकांनी ते वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. मला हलकं वाटलं. आता तरी काही बदलेल, असंही वाटून गेलं.

पुढच्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात साठ फायलींचा गठ्ठा टेबलावर आला. चौथा प्रयोग उघडला. १.१. दुसरी फाईल, १.१. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. मॅडमनी लाल पेनानं ‘बरोबर’ लिहिलेली फाईल पोरांनी शोधून काढली होती आणि साठच्या साठ जणांनी ती उतरवली होती. मोकळी केबल लॅबमध्ये तशीच पडून होती.

मी लाल पेन उघडलं. साठ फायलींवर साठ वेळा ‘रिपीट’ लिहिलं. अंगठा दुखत होताच. लॅबची चावी घेतली आणि पहिल्या चौघांना हाक मारली.