काशीबाईच्या गाऱ्हाण्याचा खटला

आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत काशीबाईचा आवाज माडांच्याही वर जायचा. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची, पण घरात माणूस कमी आहे असं वाटेने जाणाऱ्याला कधी वाटलं नाही. सकाळी ती म्हशीशी भांडायची, दुपारी मेलेल्या नवऱ्याशी, आणि मधल्या वेळात शेजारच्या गुरुदासशी. गुरुदास सोसायटीच्या दुकानात कामाला होता. भित्रा, देवभोळा आणि खाण्याचा भारी शौकीन.

शहाऐंशी साली काशीबाईचा तांबडा कोंबडा नाहीसा झाला. त्याच आठवड्याच्या रविवारी गुरुदासच्या चुलीवरून येणारा वास तिने मधल्या दगडी गडग्याशी उभं राहून हुंगला. त्याला एका शब्दाने विचारलं नाही. थेट देवळात गेली आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरव जरा सौम्य शब्दांत सुरुवात करू लागला, ते तिला पटेना. मग तिने स्वतःच घातलं.

“बा देवा म्हाराजा, ज्येणा कोणी माझो कोंबो नेल्यान आसात, तेच्या पोटात तो कोंबो आरवां दे. कोंबो परत दिल्याशिवाय तेचा पोट गप बसां नको.”

देवळात बसलेल्यांनी सवयीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. त्यात गुरुदासही होता.

दुसऱ्याच पहाटे त्याचं पोट वाजलं. ओवा झाला, डॉक्टरच्या पुड्या झाल्या, पोट ऐकेना. बायको म्हणाली, “कोंबो दिऊन टाका.” गुरुदासला ते अपमानाचं वाटलं. तो पोलीस ठाण्यात गेला. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “हा अदखलपात्र गुन्हा. आम्ही नोंद करतो. पुढचं काही हवं असेल तर मालवणच्या कोर्टात फिर्याद करा.”

मालवणच्या वकिलाने पुस्तक चाळून कलम काढलं, पाचशे आठ. देवाच्या कोपाची भीती घालून एखाद्याला, कायद्याने त्याच्यावर बंधन नसलेलं काम करायला लावणं. आपल्या पोटाची काळजी इंग्रज सरकारनेच करून ठेवली होती, हे कळल्यावर गुरुदासला फार बरं वाटलं.

काशीबाईला समन्स आलं. त्यातला ‘आरोपी’ हा शब्द कोणीतरी वाचून दाखवला आणि तिने तो पुन्हा वाचायला लावला. तारखेच्या दिवशी तिने म्हैस शेजारी नेऊन बांधली, घोंगडी, पेला आणि सुकटाची पुरचुंडी गाठोड्यात बांधली आणि मालवणची एसटी धरली.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते गाठोडं सुनीती वकिलांच्या नजरेस पडलं. वकिली सुरू करून त्यांना फार दिवस झाले नव्हते. गरिबांना फुकट वकील देण्याच्या योजनेतली कामं त्या घेत.

“काकी, हे गाठोडं कशाला?”

“तुरुंगात घोंगडी गावता काय नाय, कोणाक ठावक.”

“तुरुंगात तुम्हाला कोण पाठवतंय? आरोपी म्हणजे तुमच्यावर कुणीतरी आरोप केलाय, एवढंच. तो खरा करून दाखवायचं काम त्याचं. आणि हा गुन्हा जामिनाचा आहे. जामीन मिळणं हा तुमचा हक्क, कुणाचे उपकार नाहीत.”

“आनी माका काय सिद्ध करूचा?”

“काहीच नाही. तुम्ही बोललंच पाहिजे असंही नाही. गप्प राहायचाही हक्क आहे तुम्हाला.”

काशीबाईने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. “तो हक्क माका नको गो बाय. दुसरो कायतरी बघ.”

आत गेल्यावर न्यायाधीशांनी आरोप समजावून सांगितला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

“गाऱ्हाणा कबूल आसा. गुन्हो खंयचो?”

न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला आणि ‘नाकबूल’ असं लिहून घेतलं. जामीन झाला. गाठोडं घेऊन ती परत आली तेव्हा वाडीतल्या बायकांना थोडी निराशाच वाटली.

पुढच्या तारखेला गुरुदासची साक्ष झाली. सुनीतीबाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या.

“गाऱ्हाण्यात तुमचं नाव होतं?”

“नाही.”

“मग ते कोणावर होतं?”

“ज्याने कोंबडा नेला त्याच्यावर.”

“तुम्ही नेलात?”

“मी? छे.”

“मग तुम्हाला भीती कसली वाटली?”

“पोट वाजत होतं माझं.”

“कसं?”

पोटाबद्दल खोटं बोलायला गुरुदास घाबरला असावा. “कोंबड्यासारखं,” तो म्हणाला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

“कोंबडा नेला असलात,” सुनीतीबाई म्हणाल्या, “तर तो परत करणं कायद्याने तुमच्यावर बंधनकारकच आहे, मग हे कलम लागत नाही. नेला नसलात तर गाऱ्हाणं तुमच्यावर नव्हतंच. यातलं कोणतं लिहून घ्यायचं?”

गुरुदासने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील पिशवीत काहीतरी शोधत होता. तेवढ्यात गुरुदासचं पोट स्पष्टपणे वाजलं. काशीबाईने तोंड उघडलं, पण सुनीतीबाईंनी डोळे वटारले आणि तिने ते मिटलं. त्याचा तिला इतका त्रास झाला की डोळ्यांत पाणी आलं.

काशीबाई निर्दोष सुटली. तरी ती जागची हलेना.

“माझो कोंबो?”

“त्यासाठी तुम्हाला वेगळी तक्रार करावी लागेल,” न्यायाधीश म्हणाले.

परतीच्या एसटीत गुरुदास तिच्या मागच्याच बाकावर होता. आचरा जवळ आल्यावर तो पुढे वाकला. “वयनी, गाऱ्हाणा परत घे.”

“तुझ्यावर नाय म्हणान कोर्टान सांगल्यान मां?”

“तेंका सांगूक काय जाता? पोट माझा वाजता.”

दुसऱ्या सकाळी काशीबाई देवळात असताना गुरुदास एक कोंबडी घेऊन आला आणि ती तिच्यासमोर ठेवली. काशीबाईने ती उचलली, उलटी करून पाय बघितले, पंख बघितले.

“ही खंयची?”

“कसालच्या बाजारातसून विकत हाडलंय गो.”

तिने गुरवाला साक्षीला बोलावलं आणि देवापुढे उभी राहून गाऱ्हाणं मागे घेतलं. ‘जो कोणी आसात तो’ असंच म्हणाली, नाव घेतलं नाही. त्या दुपारी गुरुदास पोटभर जेवला. आमटी आणि भात, एवढंच.