आबुंदियोचा ऐंशी लिटरचा बंब

मातेवाला नावाच्या गावात शहाण्यांना तोटा नाही, पण आबुंदियोएवढा दीडशहाणा शोधून सापडायचा नाही. बसस्थानकाच्या खिडकीत तिकिटं फाडण्यात या गृहस्थाचं आयुष्य गेलं. तिथं कसली अक्कल गोळा केली देव जाणे, पण निवृत्त झाल्यापासून तो घरादाराला धडे देत सुटला होता. त्याची सगळ्यात मोठी मिजास म्हणजे गच्चीवरचा ऐंशी लिटरचा गॅसचा बंब. गल्लीत एवढा मोठा कुणाकडे नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

गावात नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं, आणि येतं तेही चुन्यानं भरलेलं. म्हणून लोक वर्षातून दोनदा बंबाची खालची तोटी उघडतात आणि चार बादल्या गढूळ पाणी सोडून देतात. आबुंदियोच्या लेखी ही शुद्ध उधळपट्टी. त्यानं ती तोटीच काढून तिथं बूच ठोकलं, आणि सतरा वर्षं या काटकसरीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जानेवारीच्या थंडीत त्याची सून मारीक्रूस बाळंत झाली. बाळंतिणीला चाळीस दिवस गार पाणी लागू द्यायचं नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासू एर्मिला तिला गरम मक्याची पेज पाजायची, कमरेला पट्टा बांधायची. पण न्हाणीत जाऊन डोक्याला साबण लावेपर्यंत पाणी कोमट व्हायचं, आणि फेस धुवायच्या वेळी बर्फ. पाचव्या दिवशी मारीक्रूसला हुडहुडी भरून ताप चढला. दूध आटलं. लेकरू छातीशी झटून झटून रडायला लागलं.

आबुंदियोनं सगळं खापर सुनेवर फोडलं. भर जेवणात म्हणाला, "ऐंशी लिटर संपवते म्हणजे ही आत काय बैल धुते?"

नवरा उबाल्दो ताटात मान घालून जेवत राहिला. बापापुढे याची बोबडी लहानपणापासूनच वळलेली. दुसऱ्या दिवशी मारीक्रूसनं केस न भिजवता दोन तांब्यांत अंघोळ उरकली, तरी दुसरा तांब्या गारच. वर बंबातून पेज उकळल्यासारखी खदखद ऐकू येत होती. तिनं भीत भीत तसं सांगितलं, तर मामंजी म्हणाले, मोठ्या बंबाचा आवाजही मोठाच असायचा, बायकांना त्यातलं काय कळतं.

एर्मिलानं मात्र कुणाला न विचारता निकांद्रो मिस्त्रीला बोलावून आणलं. त्यानं पान्ह्यानं बूच तोडलं. पाण्याची करंगळीएवढी धार आली आणि बंद पडली. मग त्यानं सळई घालून ढोसलं, तसा आतून पांढरा खडा भसाभस पडायला लागला. तीन बादल्या भरल्या.

"निम्म्या बंबात पाणीच नव्हतं, दगड होता," निकांद्रो म्हणाला. "तुमचा गॅस इतकी वर्षं हा चुनाच तापवत होता. खालचा जाळ पाण्यापर्यंत पोचणार कुठून?"

माणसाला लाज असती तर त्यानं मान खाली घातली असती. आबुंदियोनं बादल्यांकडे पाठ फिरवली आणि हल्लीच्या कंपन्या माल कसा भिकार बनवतात यावर व्याख्यान सुरू केलं. उबाल्दो जन्मात पहिल्यांदा बोलला, तेही पुटपुटत, की बाबा, तिला एक शब्द तरी बोला.

"काय बोलू? दगड असो नाहीतर सोनं, पाणी ती जास्तच वापरते."

मारीक्रूसनं हे जिन्यात उभं राहून ऐकलं. इतके दिवस आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत होतं. आता तिला या माणसाची नुसती किळस आली. तिनं लेकराला शालीत गुंडाळलं आणि निकांद्रोला विचारलं, तुमची गाडी माझ्या आईच्या वाडीवरून जाते का. जात होती. तिथं चुलीवर हंडाभर पाणी तापतं आणि कुणी लिटर मोजत नाही. उबाल्दो गुपचूप दुपटी गोळा करायला लागला.

त्या दोघांच्या मागून एर्मिलाही पट्टा आणि औषधी पाला पिशवीत भरून गाडीत चढली. आबुंदियो दारात आला. तू कुठे निघालीस, असं त्यानं आयुष्यात बायकोला विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. "आणि माझं काय?" एवढंच तो म्हणाला.

एर्मिलानं गाडीचं दार ओढून घेतलं. "बंब आता साफ आहे," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला पुरेल."