छत्री, शिट्टी आणि काकांचा कावळा

आमचे काका हायकोर्टाचे जज्ज होते, आणि ते गेले नेमके नगरपालिकेच्या निवडणुकीत. "त्यांना गर्दी मुळीच आवडायची नाही, आणि वेळ बघा कशी निवडली," असं काकू पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या.

काका म्हणजे माझे चुलतसासरे. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून रिटायर झाल्यावर दोघंही मुंबई सोडून पनवेलला आमच्या शेजारी राहायला आले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नोकरी सुटली तरी काकांच्या अंगातलं कोर्ट सुटलं नव्हतं. आमटी कशी झालीय, असं विचारलं तर ते आधी माझं म्हणणं ऐकत, मग काकूंचं ऐकत, आणि चमचा खाली ठेवून म्हणत, "निकाल राखून ठेवतो." तोवर आमटी गार. माझा नुसता संताप व्हायचा.

आमच्या वॉर्डात दोन तगडे उमेदवार होते. एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची शिट्टी. छत्रीवाले गावातले, कडक इस्त्रीचे आणि दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द पेरणारे. शिट्टीवाले जवळच्या खेड्यातले. मिठागराची जमीन सरकारात गेली, पैसा आला आणि ते बिल्डर झाले. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. दोघांनाही काकांचा पाठिंबा हवा होता. दोघेही माणसं घेऊन घरी येऊन गेले. काका दोघांनाही म्हणाले, "मला दुसऱ्या बाजूचंही ऐकावं लागेल." आणि दोघेही खूश होऊन गेले. काय समजले कोण जाणे!

या मंडळींसाठी काकूंनी लाल भोपळ्याचे घारगे केले होते. काकांचा जीव की प्राण, पण त्यांना डायबेटिस. माणसं गेल्यावर रिकाम्या बशीकडे बघत काका म्हणाले, "मला एक मिळेल का?"

"नाही. रिपोर्ट बघितलात ना?"

"एकच."

"अर्धासुद्धा नाही," असं म्हणून काकूंनी डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

"ठीक आहे. निकाल राखून ठेवतो," काका म्हणाले, आणि झोपायला गेले. सकाळी उठलेच नाहीत.

काकूंनी मग एकच धरून ठेवलं. भेटायला येणारे म्हणत, किती पुण्यवान माणूस, झोपेत गेला. काकू मान हलवत आणि माणसं गेली की माझ्याकडे वळत. "अगं, अख्ख्या वॉर्डाला घारगे चारले, आणि यांना एक दिला नाही. रागावून गेले गं ते माझ्यावर." मी समजूत घालून घालून थकले. रडू मलाही येत होतं, पण घरात रडायला निवांत जागा हवी ना! ओटीवर उमेदवार बसलेले.

कारण काका गेल्याचं कळल्यापासून दोन्ही पक्षांना शोक आवरत नव्हता. नाक्यावरच्या फळ्यावर सकाळी छत्रीवाल्यांनी खडूने लिहिलं, "आमचे मार्गदर्शक हरपले." दुपारपर्यंत ते पुसून शिट्टीवाल्यांनी लिहिलं, "आमचे आधारस्तंभ कोसळले." छत्रीवाल्यांनी शोकसभा घेऊन दोन मिनिटं शांतता पाळली. शिट्टीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं पाळली. शांततेतही आपण कमी पडलो, हे छत्रीवाल्यांच्या फार मनाला लागलं. त्यांनी कर्णा लावलेली रिक्षा काढली. "बंधू-भगिनींनो, शांतता पाळा! शांतता पाळा!" असं ओरडत ती अख्खी दुपार आमच्या खिडकीखालून फिरत होती. त्यात मेल्या रिक्षावाल्याची जीभ प्रचाराला सरावलेली. "न्यायमूर्तींना भावपूर्ण श्रद्धांजली" म्हणून झालं की तो श्वासही न घेता "येऊन येऊन येणार कोण" सुरू करायचा. मी खिडकीतून ओरडले, "कोण येणार? ते गेलेत!" त्याने मला हात जोडले आणि मत मागितलं.

दोघांचंही म्हणणं एकच होतं, की जाण्याआधी न्यायमूर्तींनी आपल्यालाच आशीर्वाद दिला. काय आशीर्वाद दिला, असं विचारलं की दोघेही सांगत, "म्हणाले, दुसऱ्या बाजूचंही ऐकावं लागेल." आणि डोळे पुसत.

दहाव्यासाठी आम्ही मुद्दामच पनवेलचा तलाव टाळला आणि आपट्याला पाताळगंगेच्या काठी जायचं ठरवलं. कुणाला कळू दिलं नव्हतं. बायका दहाव्याला घाटावर येत नाहीत, असं गुरुजी म्हणाले. काकू म्हणाल्या, "मग आजपासून येतात." त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पिंडाला कावळा शिवला की काका रागावलेले नाहीत, नाही शिवला तर रागावलेत. इतकं साधं. मी कावळ्याबिवळ्याला मानत नाही, पण त्या दिवशी गाडीत बसल्यापासून मनात म्हणत होते, बाबा रे, ये एकदाचा.

गुरुजींनी पिंड मांडले, माझ्या नवऱ्याने हात जोडले, समोरच्या आंब्यावर दोन-तीन कावळेही येऊन बसले. आणि तेवढ्यात धूळ उडवत दोन जीपगाड्या आल्या. कुणी सांगितलं असेल? पनवेलमध्ये काही लपत नाही. एकीतून छत्रीवाले उतरले, दुसरीतून शिट्टीवाले. छत्रीवाल्यांच्या माणसांनी उतरताच भराभर काळ्या छत्र्या उघडल्या. थंडीचे दिवस, पण "वहिनींना उन्हाचा त्रास नको." शिट्टीवाल्यांचे कार्यकर्ते लोकांना मागे सारायला लागले, तेही शिट्ट्या फुंकून. कावळे उडाले ते थेट पलीकडच्या काठावर.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, म्हणजे येईल."

माझा नवरा म्हणाला, "काका, काकूंना आम्ही सांभाळू." कावळा येईना. "तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ." येईना.

मग छत्रीवाले खाकरून पुढे झाले. कुणी विचारलं नव्हतं. पलीकडच्या कावळ्याकडे बघून ते म्हणाले, "आदरणीय न्यायमूर्ती, आपल्या गल्लीला आपलं नाव देण्याचा ठराव आम्ही फर्स्ट मीटिंगमध्ये पास करू."

"गल्लीला काय?" शिट्टीवाल्यांनी आवाज चढवला. "आमी आख्ख्या नाक्याला नाव देव! काका, तुमी बिनघोर रावा!"

"गटारं करू!"

"आमी झाकनाची करू!"

"दोन वेळ पाणी!"

कार्यकर्त्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पलीकडचा उरलेला कावळाही उडाला. "अहो, त्याला मत नाही, मत!" असं मी मोठ्याने म्हणाले. नवऱ्याने माझा पदर ओढला.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजींना पुढचं काम होतं. ते हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो. शास्त्रात चालतं." म्हणजे बोगस मतदानच! मी काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी पडला होता. "नाही," त्या म्हणाल्या. "मला खरा हवा." मला त्या दोघा उमेदवारांना उचलून नदीत टाकावंसं वाटलं. सांगते ते अगदी मनापासून.

पण मला काही करावं लागलं नाही. काकू उठल्या. एवढीशी बाई, पण जज्जाच्या घरात उभा जन्म काढलेली. "छत्र्या मिटा," त्या म्हणाल्या. छत्र्या मिटल्या. "शिट्ट्या खिशात घाला." घातल्या. "गावभर शांतता पाळत होता ना? आता इथे पाळा. तिकडे, गाडीमागे जाऊन."

"किती मिनिटं, वहिनी?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

आणि खरंच सांगते, त्या निवडणुकीत पहिल्यांदाच दोन्ही पक्ष एका बाजूला, एका जीपमागे, एकत्र उकिडवे बसले. नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. सुतकात आमच्याकडे तळण नाही, तेव्हा त्यांनी मला न सांगता शेजारणीकडून घारगे करून आणले होते. त्यांनी एक घारगा पिंडांजवळ ठेवला आणि जरा मागे सरकून, नेहमी बोलायच्या तशाच बोलल्या, "घ्या. चुकलं माझं. द्यायला हवा होता."

आंब्याची फांदी हलली. एक कावळा खाली आला, त्याने मान वाकडी करून आधी या बाजूला बघितलं, मग त्या बाजूला बघितलं. दोन्ही बाजू ऐकल्यासारखा उभा राहिला. मग टुणकन उडी मारून त्याने पिंडाला चोच लावली आणि घारगा उचलून आंब्यावर गेला.

"शिवला!" गुरुजी ओरडले. जीपमागून "विजय असो" उठलं. कुणाचा, ते दोन्ही पक्षांना ठरवता येईना. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "नाही ना गं रागावले?" त्यांनी विचारलं. "मुळीच नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात तो कावळा परत खाली आला आणि डब्यासमोर येऊन उभा राहिला. काकूंनी चटकन डब्यावर झाकण ठेवलं. "आता पुरे हं. साखर वाढेल," त्या म्हणाल्या.

बोलल्या आणि थांबल्या. मग त्यांनी झाकण काढलं, आणि सगळा डबा कावळ्यापुढे ओतला.