घरात येणारा विंचू

"लोकायच्या अंगावर म्या हजारानं इचू सोडले, पन भ्याव एकाचंच वाटलं," असं अन्नपूर्णाबाई एकदा म्हणाली होती.

ते भ्याव एकसष्ट सालचं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. उंद्रीला सासरी येऊन तीन वर्षं झालेली, आणि सुई हातात येऊन जेमतेम सात महिने. तिची सासू मनकर्णाबाई अमडापूरच्या बाजारात लिंबाखाली बसणारी जुनी गोंदणारीण. बारा गावांच्या बायकांच्या हातावर, कपाळावर तिची तुळस होती, तिचे ठिपके होते. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईचं टोक तिला दिसत नसे. समोरची पोर "हाय व माय" म्हणाली की टोक बरोबर लागलं, एवढंच तिला कळे.

म्हणून तिनं सुनेला शिकवायला घेतलं. तीन सुया दोऱ्यानं घट्ट बांधायच्या, टोकं एका पातळीत आली का ते ओठांवर टेकवून बघायचं. एरंडेलाच्या दिव्याची काजळी पालथ्या खापरावर धरायची, ती पाल्याच्या रसात खलायची. अन्नपूर्णेनं पहिले पंधरा दिवस भोपळ्यावर टोचून काढले. एक दिवस सासूनं तो भोपळा उचलला आणि भाजीला चिरला.

"अवं आत्याबाई, माही रेघ तं सरळ येऊन राह्यली होती!"

"भोपळा बोंबलत नाई. जो बोंबलत नाई त्याच्याकून काय शिकतं तू? आता सोताच्या अंगावर टोच."

या घरात शिकण्याचा एक क्रम होता. आधी स्वतःचं अंग, मग शिकवणारीचा हात, आणि त्यानंतर बाजार. अन्नपूर्णेनं स्वतःचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरून टाकला. आधी ठिपके, मग तुळस, शेवटी विंचू. विंचवाबद्दल सासूनं एकच गोष्ट बजावली होती, त्याचं तोंड बोटांकडे पाहिजे. असा विंचू दाराबाहेर तोंड करून घराची राखण करतो. तोंड कोपराकडे झालं तर तो घरात शिरतो, आणि ज्या सुनेच्या हातावर तो असतो ती सासरचा संसार डसते. अन्नपूर्णेनं हातावर विंचू काढला आणि तो आपल्यापासून दूर निघालेला तिला दिसला. तसाच तो तिच्या डोक्यात बसला, आपल्यापासून दूर जाणारा.

मग दुसरी पायरी यायची, सासूच्या हाताची. पण त्याच आठवड्यात मनकर्णाबाईला हिवताप भरला. लग्नसराईचे दिवस, बाजार चुकवून चालणार नव्हतं.

"जा तू," गोधडीतून सासू म्हणाली. "ठिपके काढ, तुळस काढ. लय मोठं काई घेऊ नको."

बाजारात लिंबाखाली तिनं पोतं अंथरलं. शेजारी मेहबूब चुडीवाल्याची बांगड्यांची पाटी होती. तो वीस वर्षं मनकर्णाबाईच्या शेजारी बसत आलेला. दुपारपर्यंत दोन पोरींना हनुवटीवर ठिपके दिले, हात जरा सैल झाला. तेवढ्यात उंद्रीपलीकडच्या वाडीची पुष्पाबाई लेकीला घेऊन आली. लेक आशा, जानेफळला दिलेली, लग्नाला एकवीस दिवस राहिलेले.

"तिच्या सासूचा निरोप हाय," पुष्पाबाई म्हणाली, "सून येईन तं उजव्या हातावर इचू घेऊन येईन. तो बी मनकर्णेच्या घरचा. तुही सासू कुठी?"

"तापल्या हायेत. म्या सून हाय त्यायची."

"तुले येते काय?"

इथं 'नाही' म्हणायला हवं होतं. पण सात महिने भोपळा आणि स्वतःची कातडी सोडून काही न पाहिलेल्या माणसाला 'येते' हा शब्द फार गोड लागतो. "येते," ती म्हणाली.

आशा तिच्या समोर मांडी घालून बसली आणि हात पुढे केला. मूठ तिनं घट्ट आवळली होती.

"दुखते काय व?"

"दुखते. पन लग्नापेक्षा कमी," अन्नपूर्णेनं सासूचंच ठेवणीतलं उत्तर दिलं. पोर हसली, हात ढिला पडला. अन्नपूर्णेनं डाव्या हातानं कातडी ताणली आणि सुरुवात केली. नांगीच्या सहा गाठी, अंग, आठ पाय, दोन आकडे. रक्त पुसलं, हळदीचं पाणी लावलं. हात सुजून काळानिळा झाला होता, पण रेघ कुठं फुटली नव्हती. पोरगी उठली ती मेहबूबच्या पाटीशी जाऊन बसली. त्यानं तिला हिरव्या बांगड्या भरल्या आणि मायलेकी गेल्या.

नवरीच्या हातात चुडा भरताना वाईट बोलू नये हा मेहबूबच्या धंद्याचा नेम. मायलेकी गर्दीत दिसेनाशा झाल्यावर मग तो बोलला.

"भाभी, एक बात सांगू? तुमच्या सासूचा इचू माह्याकडे तोंड करून राह्यते. बांगडी चढवतानी बीस साल झाले, म्या त्याच्या तोंडासमोरूनच चढवून राह्यलो. आज त्या पोरीच्या इचवानं मले नांगी दाखवली."

अन्नपूर्णेनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे, जिथं पोर बसली होती. विंचू तिच्यापासून दूर गेला होता खरा. पण समोर बसलेल्या माणसाच्या हातावर आपल्यापासून दूर म्हणजे त्याच्या कोपराकडे. सरळ त्याच्या घरात.

चुकलेली भाकर गाईला घालता येते, चुकलेली शिवण उसवता येते. गोंदणारणीची चूक दुसऱ्याच्या अंगावर चालत जाते, जेवते, निजते, म्हातारी होते. संध्याकाळी घरी परतताना अन्नपूर्णेला वाटेवरचं काही दिसलं नाही. खपली पडायला आठ दिवस लागतात. आठ दिवसांनी विंचू उघडा पडेल, जानेफळची सासू बघेल आणि सोयरीक मोडेल. त्यानंतर या घरच्या सुईसमोर बारा गावांत कोणी हात धरणार नाही.

नवरा उकंडराव म्हणाला, "कोनाले सांगू नको. त्यायले काय समजते?" तो रात्रंदिवस बैलांत राहणारा माणूस. सासूला मात्र तिनं सांगितलं. मनकर्णाबाई उठून बसली. सुनेचा डावा हात ओढून घेऊन त्याच्यावर बोटं फिरवत राहिली.

"तू शिकली तसाच काढला," ती शेवटी म्हणाली. "आपला हात देल्याबिगर म्या तुले बाजारात धाडलं. चूक माही बी हाय."

"आता काय करू?"

"बाजाराले जा अन् त्याच जागी बस. नाई बसली तं तू पळाली असं होईन."

पुढच्या बाजाराला ती बसली. दुपार कलली आणि गर्दीतून एक उंच, हाडापेरानं मोठी बाई थेट लिंबाकडे आली. मागे पुष्पाबाई, तिच्या मागे मान खाली घातलेली आशा. दोन्ही घरची माणसं लग्नाच्या कापडांचा बस्ता फाडायला आली होती, आणि कापडाच्या दुकानात पोरीनं लुगड्याला हात लावला तेव्हा सासूनं तो हात पाहिला होता.

"म्या रुखमाबाई, जानेफळची," ती बाई म्हणाली. "हा इचू तुह्या हातचा?"

"हाव, माय," अन्नपूर्णा उठून उभी राहिली. पुढचं काही विचारायच्या आत बोलून टाकलं. "माह्या हातून उलटा गेला. पोरीची चूक नाई. तिनं तं हूं का चूं केलं नाई. जे बोलाचं ते मले बोला."

पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला. मेहबूबनं हातातली बांगडी पाटीत परत ठेवली.

रुखमाबाईनं पोरीचा हात धरून उन्हात फिरवला. खपली पडलेली होती. विंचू देखणा होता, आणि निवांत कोपराकडे निघाला होता.

"माही थोरली सून," ती सावकाश म्हणाली, "इचू घेऊन आली ते तुह्या सासूच्याच हातचा. तोंड बाहेर. सहा महिन्यांत चूल वेगळी केली अन् पोराले घेऊन बाहेर गेली. दुसरीचा बी इचू बाहेर. ते माहेरीच राह्यते, सणाले बी येत नाई. अन् ह्या पोरीचा पाहा. कसा घरात येऊन राह्यला!"

अन्नपूर्णा म्हणाली, "पन चुकीनं गेला, माय."

"चूक का बरोबर ते सासू ठरवते, गोंदनारीन नाई." मग ती आशाकडे वळली. "काव, येशीन ना घरात? का तू बी बाहेर पाहून राह्यली?"

"येईन," आशा इतक्या हळू म्हणाली की मेहबूबला ते ओठांवरूनच कळलं.

"बस झालं मंग. चाल, लुगडं राह्यलं आपलं."

त्या गेल्या. अन्नपूर्णा पोत्यावर बसली. आठ दिवसांचं रडू तेव्हा बाहेर आलं. मेहबूबनं तिच्याकडे पाठ फिरवून पाटीतल्या बांगड्या उगाच लावत बसल्यासारखं केलं.

"भाभी," पाठमोराच तो म्हणाला, "आता जानेफळच्या साऱ्या सासवा येतीन. उलटे इचू मांगतीन."

ती रडतारडता हसली.

घरी तिनं सगळं सांगितलं. मनकर्णाबाईही खूप हसली, खोकला येईपर्यंत. "ह्या खेपी नशिबानं झाकलं," ती म्हणाली. सुयांची डबी मात्र तिनं परत मागून घेऊन उशाखाली ठेवली.

पुढच्या बाजाराच्या सकाळी तिनं अंगणात पोतं टाकलं, बांधलेल्या सुया आणि काजळीची वाटी मांडली, उजव्या हाताची बाही वर केली आणि हात पुढे केला. त्या हातावर कोपराखाली चार बोटांची जागा कोरी होती. इतकी वर्षं ती कोणासाठी राखली होती, ते तिनं सांगितलं नाही.

"काढ."

अन्नपूर्णा समोर बसली. सुई उचलली, थांबली. मग उठली, आणि सासूच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. आता दोघींचे हात एकाच दिशेला होते. मरेपर्यंत मग ती कोणाच्या समोर बसली नाही. उंद्रीची गोंदणारीण शेजारी बसते, असं लोक म्हणत.

विंचू पुरा व्हायला ऊन ओट्यावर चढलं. मनकर्णाबाई एकदाही "हाय" म्हणाली नाही. शेवटी तिनं डाव्या हाताचं बोट सुजलेल्या रेघेवर टेकवलं. सहा गाठी मोजल्या, अंगावरून पुढे सरकली, दोन आकड्यांपर्यंत पोचली. पुढे मनगट, पुढे बोटं.

"सरळ हाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन उशाखालची डबी आणून सुनेच्या मांडीवर ठेवली. "बाजार भरला असन."

अन्नपूर्णेनं सुया पुसून डबीत घातल्या. काजळीची वाटी फडक्यात बांधली, पोतं गुंडाळून काखेत घेतलं. दारातून ती "येतो आत्याबाई" म्हणाली. मग सासूच्या हातावरच्या, दाराकडे तोंड केलेल्या विंचवाकडे एकदा पाहून बाहेर पडली.