दाखला

"ही बघा. हिच्या तोंडातून कधी शब्द बाहेर येत नाही. आणि एक हा."

'ही' म्हणताना हेडमास्तरांनी पट्टी माझ्याकडं केली आणि 'हा' म्हणताना दादाकडं. मध्ये आमचे वडील, अण्णा, उभे होते. फाउंड्रीतनं थेट आलेले, शर्टाला काळी माती. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हटलं नाही. अण्णा बसले नाहीत.

दादाच्या उजव्या हाताला बँडेज होतं. प्रयोगशाळेच्या कपाटाची काच त्यानं मुठीनं फोडली होती.

"सवलती घेऊन घेऊन माज चढतो तुम्हा लोकांना," हेडमास्तर अण्णांना म्हणाले. "आवरा याला. नाहीतर दाखला हातात देईन."

"चुकलं साहेब," अण्णा म्हणाले आणि तिथंच दादाच्या कानाखाली दिली.

दादा हलला नाही. मीही हलले नाही. त्याचं न हलणं हेडमास्तरांना उर्मटपणा वाटला. माझं न हलणं संस्कार.

ही नव्वदीतली गोष्ट. आम्ही राहायला उचगावात, शाळा शाहूपुरीत. दादा दहावीला, मी नववीला. सायकल एकच. तो चालवायचा, मी मागं कॅरिअरवर. त्या वर्षी आम्हा दोघांना एकच रोग झाला होता. हे मला पुढं कळलं. रोगाला नाव असतं हेसुद्धा पुढंच कळलं.

झालं कशानं, विचाराल तर ठाऊक नाही. घरात कुणी गेलं नव्हतं, पाऊसपाणी ठीक होतं. दिवाळीच्या आसपास माझ्या लक्षात आलं की रविवारचं मटण आणि सोमवारची आमटी मला एकच लागतंय. आता कोल्हापूरच्या माणसाला मटणाची चव लागेना म्हटल्यावर तिथंच डॉक्टर बोलवायला पाहिजे होता. पण मी न बोलता जेवत होते, म्हणून आई शेजारणीला म्हणाली, "पोरगी शाणी झाली गं. मागून वाढ म्हणून न्हाई म्हणत."

वेणी घालायचा कंटाळा यायचा. कंटाळा नव्हे, हात वर जायचा नाही. मग आदल्या दिवशीच्या वेणीवरच पाणी फिरवायचं. वर्गात फळ्याकडं बघत बसायची. फळा दिसायचा, अक्षरं दिसायची नाहीत. बाईंना वाटायचं, काय एकाग्रता!

एकदा धीर करून वर्गबाईंना म्हटलं, "बाई, मला बरं न्हाई."

बाईंनी आवाज बारीक केला. "कळलं. मागच्या बाकावर बस. पाणी भरायला जाऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात परत तेच म्हटलं. बाई म्हणाल्या, "परत?" आणि कॅलेंडरकडं बघितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. मुलीला बरं नसण्याचं एकच कारण त्यांच्या हिशेबात होतं. माझं तर तीन महिने रोज चाललेलं.

दादाचं उलटं. त्याला बसवायचं नाही. सायकल घेऊन उगाच भटकायचा. कुणी नुसतं बघितलं तरी अंगावर जायचा. आईनं ताट वाढलं की ढकलायचा. अण्णा मारायचे. मारलं की हसायचा, ते हसणं बघून अण्णा आणखी मारायचे. गल्लीत सगळे म्हणायचे, "पोरगं हाताबाहेर गेलं. बहीण बघा कशी गुणाची."

मग तो परिपाठाचा दिवस आला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे म्हणून आमची नावं माईकवर वाचली. मागच्या रांगेतनं आवाज आला, "आले बघा सरकारचे जावई."

सगळे हसले. हसणाऱ्यांत एक सरही होते.

यादीत दादाचं नाव होतं, माझंही होतं. दादा रांग सोडून थेट प्रयोगशाळेत गेला आणि काच फोडली. मी रांगेतच उभी राहिले. माझ्या आत कपाट नव्हतं का? होतं. पण माझी काच आतल्या आत फुटली. आवाज झाला नाही, म्हणून कुणी मोजली नाही.

त्यानंतरचं हेडमास्तरांच्या खोलीतलं वर सांगितलंच. पुढच्या पंधरवड्यात दादानं आणखी एका मुलाचा सदरा फाडला आणि ठरलं की स्नेहसंमेलन झालं की सोमवारी त्याला दाखला द्यायचा. दहावीचं वर्ष. आई हेडमास्तरांच्या घरी जाऊन पायरीवर बसून आली. आत कुणी बोलावलं नाही.

स्नेहसंमेलनात मला बक्षीस होतं. सद्वर्तनाचं. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं आणि शेवटचं बक्षीस, तेही आजारपणाचं. स्टीलचा डबा. झाकणावर मशीननं कोरलेलं माझं नाव, खाली 'सद्वर्तन'.

मी स्टेजवर गेले. पाहुण्यांनी डबा पुढं केला. तेवढ्यात हेडमास्तरांनी माईक घेतला.

"मुलांनो, या मुलीचाच दाखला घ्या. सख्खा भाऊ परवा शाळेतून जातोय. पण ही? कुठलीही परिस्थिती असो, तक्रार नाही. यांच्यातसुद्धा असे असतात."

टाळ्या झाल्या. दादा मैदानाच्या टोकाला सायकल धरून उभा होता, मला घरी न्यायला आलेला. त्यानंही टाळ्या वाजवल्या. एका हातात हँडल, म्हणून दुसऱ्या हातानं सीटवर थापा मारल्या. तेवढं मला दिसलं.

त्याला दाखला. माझा दाखला. शब्द एकच. एकानं त्याला हाकलत होते, आणि दुसऱ्यानं मला त्याच्या डोक्यात हाणत होते.

मी माईकजवळ गेले. शौर्यबिर्य काही नव्हतं. जिवाचीच फिकीर उरलेली नसली की धाडस फुकटात पडतं.

"दादाला जे झालंय तेच मला झालंय," मी म्हटलं. "मी बी आजारी पडलोय."

आम्ही कोल्हापूरच्या पोरी घरात असंच बोलतो. मी आलो, मी जातो, मी जेवलो. शाळेत चार वर्षं बाईंनी ते घासून घासून काढलं होतं. स्टेजच्या कडेनं बाई कुजबुजल्या, "पडलेय म्हण. पडलेय."

पुढच्या रांगा हसल्या.

"पडलोय," मी म्हटलं. "त्याला दाखला देणार असला तर मला पण द्या. डबा नको."

पाहुण्यांचा हात डब्यासकट तसाच राहिला. मी खाली उतरले आणि कॅरिअरवर बसले.

सोमवारी दोन दाखले मिळाले. दादाच्या दाखल्यावर वर्तणूक या रकान्यात 'असमाधानकारक'. माझ्या त्याच रकान्यात आधी 'उत्तम' लिहून मग खोडलेलं. जात मात्र दोन्हींवर स्वच्छ अक्षरात.

अण्णा सायकल हातात धरून चालत होते, आम्ही मागं. उड्डाणपूल ओलांडला. मग मागं न बघता त्यांनी विचारलं, "तू कवापासनं आजारी हायस?"

"दिवाळीपासनं."

"आन् ह्यो?"

"त्यो बी."

अण्णा थांबले. दादाच्या बँडेजच्या हाताकडं बघितलं. परत चालायला लागले. पण त्या दिवसानंतर त्यांनी दादाला मारलं नाही.

यानं सगळं बरं झालं असं नाही. मला उचगावच्या शाळेनं घेतलं. दादाला दहावीच्या ऐन तोंडावर कुणी घेतलं नाही. तो अण्णांबरोबर फाउंड्रीत गेला. माझं दुखणं दोनेक वर्षांनी आपोआप विरलं, त्याचं आत मुरलं. पुढं आठ-दहा वर्षांनी एका सकाळी तो कामावर जायला उठलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मी त्याला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरबाईंनी तासभर ऐकून घेतलं. मी विचारलं, "पोरांचा रोग येगळा आणि पोरींचा येगळा असतोय काय ओ?"

"रोग तोच, ताई," त्या म्हणाल्या. "पोरं बऱ्याचदा चिडून दाखवतात, पोरी गप्प होऊन. कधी उलटंही असतं. घरचे मात्र एकाला मार देतात आणि दुसरीला शाबासकी. उपचार दोघांनाही मिळत नाहीत."

बाहेर बाकावर दादा म्हणाला, "मला वाटायचं, मी वाईट हाय."

"आन् मला वाटायचं, मी लई चांगला हाय," मी म्हटलं. "लोकच सांगत होते की."

आम्ही हसलो. लई नाही, जरासं.

आता दादाला पोरगा आहे, मला पोरगी आहे. वय तेच, तेव्हा आमचं होतं ते. परवा शेजारच्या बारशाला एक पावणी म्हणाली, "तुमची लेक किती गुणाची, आवाज म्हणून न्हाई पोरीचा." मी हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं आणि पोरीला बाजूला घेऊन विचारलं, "जेवण चवीला लागतंय काय?" पावणीला वाटलं, बाई खुळी आहे. वाटू दे.

दोन्ही दाखले माझ्या कपाटात आहेत. उद्या शाळेनं दादाच्या पोराला माजलाय म्हटलं, तर ते घेऊन मी जाणार. खुर्ची ओढून बसणार. बसा म्हणायची वाट बघणार नाही. आमच्या पोराच्या हातात दाखला देऊ देणार नाही आणि आमच्या पोरीचा दाखला कुणाला देऊ देणार नाही.

गप्प बसायचं बक्षीस मी परत केलंय. आता मी बोलतो.