बाविसावी गोळी

माझ्या नातवाला मी दोन गोष्टी दिल्या: एक सदोष गुणसूत्र आणि एक डांबरगोळी. दोन्हींचं श्रेय चौदा वर्षं दुसऱ्यांनाच मिळत राहिलं. गुणसूत्राचं माझ्या बायकोला, गोळीचं विहीणबाईंना. मी मोठ्या मनाचा माणूस असल्यामुळे कधी तक्रार केली नाही!

आता वय एकोणऐंशी. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी मुलीच्या घरी राहतो. साताऱ्याच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नोंद चुकली की मी भल्याभल्यांना मेमो देत असे. हा माझा मलाच दिलेला मेमो समजा. थोडा उशीर झाला आहे.

चौदा वर्षांपूर्वी आमची मुलगी अश्विनी पहिलटकरीण होती. जावई समीर इथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याची आई, कुसुमताई, वर्ध्याहून आधीच येऊन ठेपल्या होत्या. सोबत सहाण, गुटीचा डबा आणि सहा महिने राहायची तयारी. वर्ध्यात त्यांच्या गल्लीतलं प्रत्येक बाळ त्यांच्या हातची गुटी चाटूनच मोठं व्हायचं.

मागाहून आम्ही दोघं निघालो. माझ्या बायकोनं, निर्मलानं, चार महिने खपून जुन्या मऊ साड्यांची गोधडी शिवली होती. बॅगा भरणं हे माझं खातं.

"हे बघा, गोधडीत डांबरगोळ्या घालायच्या नाहीत," ती म्हणाली. "बाळाच्या अंगाला वास लागतो."

"नाही घालत."

घातल्या. बावीस! (ज्या माणसानं तेहतीस वर्षं गोदामात कसर शिरू दिली नाही, त्यानं बायकोच्या सांगण्यावरून शास्त्र सोडायचं?) इथे पोचल्यावर बॅग आधी गॅरेजमध्ये नेली आणि निर्मलाला कळायच्या आत गोळ्या काढून कचऱ्यात टाकल्या. मोजल्या, एकवीस. परत मोजल्या. एकवीसच. एखादी प्रवासात उडून गेली असेल, असं मी ठरवलं. डांबरगोळीची थेट वाफ होते हे शाळेत शिकलो होतो. विज्ञानाचा इतका सोयीस्कर उपयोग मी आयुष्यात दुसरा केला नाही.

वासाचं म्हणाल, तर त्या घरात कुठलाच वास ओळखू येण्याची सोय नव्हती. कुसुमताई रोज बाळंतिणीला ओव्याची धुरी देत, छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायचा, समीर स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालायचा. या गदारोळात बाळ दहा दिवसांचं झालं. त्या सकाळी मी स्वतःच्या हातानं त्याला गोधडीत गुंडाळलं, आणि त्याच सकाळी कुसुमताईंनी त्याला गुटीचं पहिलं बोट चाटवलं.

तिसऱ्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं झालं.

हॉस्पिटलात त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, दुसऱ्या कुणाचं रक्त चढवलं. ते दोन दिवस विनोदी नव्हते. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवलं. बाळाच्या तांबड्या पेशींत एक द्रव्य कमी आहे, म्हणाल्या. जन्मजात. काही ठरावीक वस्तूंचा संबंध आला की पेशी फुटतात, एरवी काही होत नाही. त्या यादी वाचत होत्या, समीर मराठीत सांगत होता.

"घरात डांबरगोळ्या आहेत का?"

"छे!" निर्मला म्हणाली. "मी यांना बजावलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. (आपल्या माना परदेशी माणसाला कळत नाहीत. दुर्दैवानं समीरला कळली, आणि त्यानं 'नो' सांगितलं.) खरं सांगतो, त्या क्षणी मला बाळाची नाही, निर्मलाच्या बोलण्याची भीती वाटली. एवढ्या बायकांसमोर 'सांगितलं होतं ना?' ऐकायची माझी तयारी नव्हती.

"काही जडीबुटी?"

कुसुमताई हळूच म्हणाल्या, "गुटी दिली जी मी. एकेकच वेढा उगाळला होता."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. संपलं! त्यांनी 'शक्यता आहे' एवढंच म्हटलं होतं. आमच्या घरात पोचेपर्यंत शक्यतेचा निकाल झाला.

पण यादी संपली नव्हती. हा दोष मुलाला आईकडून येतो, म्हणजे अश्विनीकडून. आणि अश्विनीला तिच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून. समीरनं घसा खाकरला.

"बाबा, त्या विचारतायत... मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर तुमची लघवी कधी काळी झाली होती का?"

आता मला सांगा, समोर विहीणबाई बसल्यात, पदर सावरून. पासष्ट वर्षांच्या माणसानं काय उत्तर द्यावं? झाली होती! चोविसाव्या वर्षी, धरणाच्या कामावर असताना. कोऱ्या चहासारखी! तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली होती, 'या गोळ्या जन्मात घेऊ नका.' ती चिठ्ठी मी लग्न ठरायच्या आधी फाडली. रक्तात खोट असलेल्या मुलाला मुलगी कोण देणार होतं?

"नाही," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात लघवीचा कधी प्रश्नच आला नाही."

"मग माझ्याच माहेरचं असणार," निर्मला म्हणाली, आणि रडायला लागली. पुढच्या आठवड्यात तिनं सांगलीच्या तिन्ही भावांना फोन करून लघवीचा रंग विचारला. दोघांनी सांगितला. तिसऱ्यानं फोन आपटला आणि पुढे भाऊबीजेलाही उचलला नाही.

मी त्या संध्याकाळी कपडे आणायला घरी आलो तेव्हा गोधडी चाचपून पाहिली. एका कोपऱ्यात, उसवलेल्या टाक्यातून अस्तरात शिरलेली, बाविसावी. स्टॉक जुळला! आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, स्टॉक जुळला नसता तर बरं. सांगायची ही शेवटची सोपी वेळ होती. मी गोधडी एका पिशवीत कोंबली आणि चालत जाऊन जुन्या कपड्यांच्या दानपेटीत टाकून आलो. (गोळी काढून! इतका काही मी हा नव्हे.) निर्मलाला सांगितलं, हॉस्पिटलात हरवली. चार महिन्यांचे टाके. तिनं दोनदा तिथे फोन करून विचारायला लावलं.

बाळ घरी आलं. कुसुमताई घ्यायला पुढे झाल्या, तर अश्विनी म्हणाली, "आई, प्लीज, तुम्ही नका घेऊ त्याला." ओली बाळंतीण, घाबरलेली, तिचं काय चुकलं? समीर खाली बघत राहिला. कुसुमताईंनी हात मागे घेतले. सहा महिन्यांसाठी आलेली बाई त्याच आठवड्यात परत निघाली. विमानतळावर त्यांची बॅग मीच ढकलली. वर म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका. होतं असं. आमच्या मनात काही नाही."

म्हणजे मी त्यांना क्षमा केली!

त्या पुन्हा अमेरिकेला आल्या नाहीत. बोलावलं की गुडघे दुखायचे.

निर्मला तीन वर्षांपूर्वी गेली. आणि गेल्या महिन्यात नातू, ईशान, नववीच्या जीवशास्त्राचा भलामोठा तक्ता घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर बसला. आपल्या घराण्यातला एक गुण किंवा दोष पिढ्यान्‌पिढ्या कसा आला ते दाखवायचं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ; दोष असेल तर काळं भरायचं, नुसता पुढे पोचवला असेल तर अर्धं. शिवाय माहिती कुणी दिली आणि तो माणूस किती विश्वासार्ह, याचा वेगळा रकाना! (मला तेव्हाच पळून जायला हवं होतं.)

मी मोज्यांच्या घड्या घालत होतो. ईशाननं ढीग पुढे ओढला.

"आजोबा, वेट. हे मस्त आहे एक्सप्लेन करायला. पेशीत क्रोमोसोम्सच्या जोड्या असतात, मोज्यांसारख्या. साधी पेशी डिव्हाइड होते तेव्हा आधी सगळ्याची कॉपी होते. मिस्टेक असली तर मिस्टेकचीपण कॉपी."

"हं." माझ्या एका 'नाही'च्या चौदा वर्षांत किती कॉप्या झाल्या होत्या, ते मी मोजत बसलो नाही.

"पण अंडं बनताना जोड्या सुटतात. एकच मोजा जातो." त्यानं ढिगातून अंगठ्याला भोक पडलेला मोजा नेमका उचलला. "हा खराब एक्स. आईकडे एक चांगला, एक भोकाचा. मला भोकाचा आला. बॅड लक. बाबांकडून मला वाय आला, हा छोटा. म्हणून भोक झाकायला दुसरा एक्स नाही."

"म्हणजे बाबांच्या आईचा मोजा..."

"वर्धा आजीचा एक्स माझ्यात नाहीच! बाबांना मिळाला, माझ्यापर्यंत आलाच नाही." त्यानं भोकाच्या मोज्यात बोट घालून माझ्याकडे हलवलं. "बाय द वे, हा कुणाचा आहे?"

"माझा," मी म्हणालो.

तो हसला. मी नाही हसलो, कारण तोवर त्यानं तक्ता सरळ केला होता. निर्मलाचं वर्तुळ अर्धं काळं. माझा चौकोन पांढराशुभ्र. आणि खाली, पेनानं, 'त्रास कशामुळे : वर्धा आजीचं हर्बल औषध.' सोमवारी हे वर्गाच्या भिंतीवर लागणार होतं. एक बाई मेलेली, एक सात समुद्रांपलीकडे, आणि मी मधे बसून मोजे जुळवतोय.

"ईशान, ते खोड."

"व्हाय? पेन आहे, आजोबा."

"माझा चौकोन काळा कर."

अश्विनी ओट्याशी भेंडी चिरत होती. सुरीचा आवाज थांबला. मी सगळं सांगितलं: कोरा चहा, चिठ्ठी, बावीस, एकवीस, अस्तर, दानपेटी. समीरही येऊन उभा राहिला होता. मग अश्विनी म्हणाली, "बाबा, मी त्यांना म्हटलं होतं, हात लावू नका. मी." एवढंच. भेंडी तशीच टाकून ती वर गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ईशाननं पांढरा रंग आणला आणि निर्मलाचं वर्तुळ पुसलं. पांढरं झालं, पण जरा खडबडीत राहिलं.

समीरनं वर्ध्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. कुसुमताई बऱ्याच वाळल्या होत्या. मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं, लघवीसकट.

"चौदा वर्षांनी सांगून राहिले भाऊ तुम्ही?"

"हो."

"गल्लीतल्या एका लेकराला मी मग हात लावला नाही. माझ्या जाऊबाईनं नातू आणला, म्हटलं माझ्या हाताला विष आहे, दुसरीकडे ने. सहाण दाराला टेकू म्हणून लावली आहे, पाहा." त्यांनी फोन फिरवला. खरंच होती.

"माझं चुकलं, कुसुमताई. मला माफ..."

"थांबा. विमानतळावर तुम्ही मला माफ केलं होतं नं?"

"हो... म्हणजे..."

"ते आधी परत घ्या."

"घेतलं."

"बाप्पा! किती लवकर घेतलं! मी नाही तुमच्यासारखी, उभ्या उभ्या माफी वाटत. विचार करीन. मलाही चौदा वर्षं लागतील." मग आवाज एकदम बदलला. "लेकराला द्या फोन. ईशान, जेवलास का रे?"

"नाही आजी. आजोबांनी कन्फेशन केलं, सो भाजी झालीच नाही."

त्या हसल्या. माझ्यासाठी नव्हे, पण हसल्या. पुढची पंधरा मिनिटं त्यांनी ईशानला सहाण धरून गुटीचे वेढे कसे मोजतात ते दाखवलं. गुडघ्यांचा विषय निघाला नाही. मी तिथेच बसून होतो. कुणी ऊठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही.

तक्ता रविवारी पुरा झाला. मी चष्मा लावून तपासला. विश्वासार्हता : वर्धा आजी, 'हाय'. निर्मला आजी, 'हाय'. आजोबा, 'लो'.

"अरे, पण खरं मीच सांगितलं ना शेवटी!"

"आफ्टर फोर्टीन इयर्स, आजोबा."

मी खालची ओळ वाचली. 'त्रास कशामुळे : आजोबांच्या डांबरगोळ्या.' त्यानं पेन उचललं. "किती होत्या?"

"बावीस," मी ताठ बसून म्हणालो. "मी स्वतः मोजल्या होत्या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, जरा विचार केला, आणि तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसासमोर लिहिलं, 'अंदाजे बावीस'.